अंग चोरणं

बुरूड आळीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या
की एकीनं अंग चोरायचं, हा तिथला कायदा.
माझा बाप त्यात तरबेज.
डोक्यावर सात डालग्यांची उतरंड
आणि कुणाच्या पत्र्याला धक्का नाही.

त्याच्या रक्ताला मात्र ते जमलं नाही.

मला हे कळलं रास्ता पेठेतल्या लॅबमध्ये,
शिकाऊ होते तेव्हा,
एकमेकींची बोटं टोचायच्या तासाला.
शकीलाच्या पेशी परडीसारख्या,
मध्ये खोलगट, फिकट.
माझ्यातल्या दहात तीन-चार गोटीसारख्या गच्च,
मधला फिकटपणा कुणी बुजवून टाकल्यासारखा.
"स्लाइड जाड झालीये," मी म्हणाले.
पिंगळे मॅडमनी दुसरी काढायला लावली. मग तिसरी.
मग मिठाच्या पाण्याच्या नळ्या मांडल्या,
एकीत मीठ कमी, पुढचीत त्याहून कमी.
शकीलाचं रक्त जिथं तग धरून होतं
तिथं माझं फुटलं,
पाणी डाळिंबी झालं.

सालीखाली जाळी असते, मॅडम सांगत होत्या,
स्पेक्ट्रिनच्या लांब दोऱ्यांची, सहा कोनांची.
ॲन्किरिनच्या गाठी तिला सालीशी बांधून ठेवतात.
तांबडं धुऊन काढलेल्या रिकाम्या पेशीला
शास्त्रज्ञ भूत म्हणायचे.
भुतात सापडलं, म्हणून हे नाव.
मी वहीत सहा कोन काढले, शेजारी आणखी सहा,
आणि पेन थांबलं.
हे तर डालगं.

घरी येऊन विचारलं,
गाठी सुटल्या तर डालग्याचं काय होतं?
तो कामटी तासत होता, मान वर केली नाही.
"कड गळत जाती. मग उरल्याचा
आवळून गोळा हुतो.
दिसाया गुटगुटीत,
पर दाबलं तर दबत न्हाई, मोडतंच."

पानथरीत बोळ असतात, आमच्या आळीहून अरुंद.
चपटी पेशी दुमडून निघून जाते.
गोल अडकते,
आणि पानथरी तिला खाऊन टाकते.
एकशेवीस दिवसांचं आयुष्य थोडक्यात आटोपतं,
तांबड्याचं पिवळं होतं,
पिवळं डोळ्यांत चढतं.

त्या पिवळ्यावर आम्ही काय नाही केलं.
गळ्यात मुळ्यांची माळ, जी रोज लांबते म्हणतात.
चुन्याच्या पाण्यात हात.
दोन महिने बिनतेलाचं जेवण, अख्ख्या घराला.
आळीनं निदान केलं ते एकाच शब्दात: पितो.
साधी तपकीर न ओढणारा माणूस.
थोरलीचं ठरलेलं लग्न त्या डोळ्यांवरून मोडलं.
चौतिसाव्या वर्षी ससूनला पित्ताचे खडे काढले,
काळे, मिऱ्यांएवढे,
आईनं बामच्या बाटलीत जपून ठेवले.
केसपेपर माझ्याकडे आहे.
निळी शाई, तिरकं अक्षर. व्यसन: आहे.

शेवटी शेवटी विचारायचा,
"तुला माझ्याकडनं आलं ना गं?"
मी म्हणायचे, दर लेकराला छापा-काटा असतो,
त्यात तुमचा काय हात?
"हात न्हाई कसा," म्हणायचा,
आणि आपले हात उलटेपालटे करून बघायचा,
कामट्यांनी चिरलेले.

वृषालीच्या बाळाला आज नववा दिवस.
टाचेतून थेंब मीच घेतला,
मीच रंगवला, वाळवला, वर तेलाचा ठिपका ठेवला.

गोल आहेत.
पुन्हा मोजल्या. दहात चार.

फॉर्मवर रकाना असतो, कुटुंबात आणखी कुणाला.
मी लिहिलं: आजीला.
पणजोबा गेनबा तुळशीराम यांना.
धंदा कुणी विचारला नव्हता, तरी लिहिला: डालगी विणायचे.
थोडी जागा उरली, तिथं
व्यसन: नाही.

शकीला खांद्यावरून वाचत होती.
"हा रकाना त्यासाठी नसतो," म्हणाली.

माहीत आहे, म्हटलं. शिक्का दे.